पहिल्या रांगेतले हात

बँडचा ड्रमवाला हागाने माझ्याकडेच बघतो, याबद्दल माझ्या मनात कित्येक वर्षं तिळमात्र शंका नव्हती. शंका बाकीच्यांना होती. तसं आम्हा चाहत्यांत प्रत्येकीलाच वाटतं की आपला माणूस स्टेजवरून आपल्याकडे बघतो. गायक सेइरानच्या समोर उभ्या राहणाऱ्या बायकांना विचारा, सगळ्या शपथेवर सांगतील. पण ड्रमवाल्याचं तसं नसतं. तो मागे झांजांच्या गर्दीत बसलेला असतो, त्याला बघायला फारसं कोणी येत नाही आणि त्याने कोणाला बघावं अशीही अपेक्षा नसते. तरीसुद्धा दर कार्यक्रमात, सेइरानने तो लांबलचक सूर लावला की हागानेचे डोळे वर यायचे आणि थेट माझ्यावर येऊन थांबायचे.

मी नागोयात एका लाँड्रीत काउंटरवर असते. कपड्यावरचा डाग कशाचा हे मला बघूनच कळतं, आणि नाही कळलं तर कळेपर्यंत घास गोड लागत नाही. नसत्या चौकशा करायची ही खोड जन्माची आहे. घरी माझं नाव हिसायो, पण बँडच्या मंडळींत सगळ्या मला नागी म्हणतात. तिथे खरं नाव कोणीच वापरत नाही.

बँडचं नाव ओरांजरी. जुन्या राजवाड्यांत हिवाळ्यात संत्र्याची झाडं जगवायला काचेचं घर असायचं, त्याचं हे फ्रेंच नाव, असं सेइरानने पहिल्याच मुलाखतीत सांगितलं होतं. आम्ही आपसांत त्यांना ‘मिकान’ म्हणतो, म्हणजे साधी संत्री. कारण सेइरान स्वतःला कितीही परागंदा राजपुत्र म्हणवू दे, त्याचे वडील एहिमेला संत्र्याच्या बागेत राबतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. व्हिज्युअल केई म्हणजे दुसरं काय असतं? पुरुषांनी पावडर-काजळ लावायचं, झालरीचे सदरे आणि जमिनीवर लोळणारे झगे घालायचे, कानठळ्या बसतील असं मेटल वाजवायचं, आणि त्यांचं खरं नाव, खरं वय, खरा चेहरा आपल्या गावीही नाही असं आपण मरेपर्यंत दाखवायचं.

सुरुवातीला ते नागोयातच, इमाइकेच्या एका तळघरात वाजवायचे. दोन गिटार, एक बास, ड्रम आणि सेइरान. व्हायोलिनं, तुताऱ्या, घंटा आणि शंभर गळ्यांचा कोरस हे सगळं एका लॅपटॉपमध्ये. त्याला आम्ही ‘डब्यातला ऑर्केस्ट्रा’ म्हणायचो. एकदा भर गाण्यात डबा बंद पडला आणि अख्खा राजवाडा गायब होऊन झग्यातली पाच घामाघूम पोरं तेवढी उरली. मग ते तोक्योला गेले, मोठ्या कंपनीने उचललं, टीव्हीवर आले. मग कंपनीने सोडलं. एक गिटारवाला घरचं तोफूचं दुकान सांभाळायला परत गेला तेव्हा आम्ही वर्षभर काळे कपडे घातले. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये मात्र लोक त्यांना डोक्यावर घेऊन नाचले. तिकडच्या पोरी जपानी शब्द तोंडपाठ म्हणायच्या. परत आले ते पुन्हा त्याच तळघरात. आणि दर वर्षीच्या शेवटच्या कार्यक्रमात सेइरान काजळ सांभाळत म्हणायचा, “एक दिवस खरा ऑर्केस्ट्रा. तुम्हाला वचन देतो.” त्या एका वाक्यावर आम्ही कितीतरी हिवाळे काढले.

आता पहिल्या रांगेबद्दल. लोकांना वाटतं आम्ही तिथे नुसत्या किंचाळतो. चूक. प्रत्येक गाण्याला हातांच्या ठरलेल्या हालचाली असतात, आणि त्या पहिली रांग ठरवते. मागचे सगळे तिचं बघून करतात. कोणी कुठे उभं राहायचं हे रिन्नो-सान ठरवतात. दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांची नाकं मोजतात आणि संध्याकाळी पहिल्या रांगेच्या मुकादम होतात. त्या पहिल्या दिवसापासून सेइरानच्या. त्याला ‘सामा’ हा मानाचा शब्द लावल्याशिवाय त्यांच्या तोंडून नाव निघत नाही. नियमाला इतक्या कडक की मोबाइल वाजला म्हणून सख्ख्या मैत्रिणीला त्यांनी वर्षभर मागच्या भिंतीला उभं केलं होतं. त्यांनी मला ड्रमच्या बरोब्बर समोर जागा दिली आणि बजावलं, “तिथे उभी राहणारीने पांढरे हातमोजे घालायचे. शोभतात.”

‘राणीचा हिवाळा’ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि सेइरान एकटा एक सूर धरतो. किती वेळ, ते त्याच्या लहरीवर. तेवढा वेळ आम्ही दोन्ही हात वर पसरून बोटं उघडतो. आम्ही त्याला फुलणं म्हणतो. सूर खाली आला की बोटं मिटायची, आणि त्याच क्षणी हागानेचा पहिला ठोका पडतो. त्या ठोक्यावर डबा चालू होतो आणि राजवाडा पुन्हा उभा राहतो. सूर आता संपणार हे मला इतरांच्या आधी कळतं. सेइरानचा डावा खांदा किंचित उतरतो; मागून तो झग्यात झाकलेला असतो. तो उतरला की माझी बोटं मिटायला लागतात. आणि त्या अख्ख्या सुरात हागाने माझ्याकडे बघत असतो. मला सांगा, कोणत्या बाईला काही वाटणार नाही?

शिवाय तो बोलायचाही गोड. नवीन सीडी निघाली की दुकानात रांग लावायची, सीडी घ्यायची, मग एकेका कलाकाराशी हात मिळवून दोन वाक्यं बोलायची. हागाने प्रत्येकीला म्हणायचा, “मास्क जरा खाली घ्या ना. चेहरा बघू दे.” बायका तिथल्या तिथे विरघळायच्या.

एका वसंतात देवदाराच्या परागांनी सगळ्या शहराची नाकं वाहत होती. माझ्या पुढे एक नवीन मुलगी होती. तिने मास्क काढायला मान हलवून नकार दिला आणि विचारलं, “हागाने-सान, आज सकाळी काय खाल्लंत?”

हागाने गोड हसला. म्हणाला, “थँक यू. नक्की येईन.”

ती मुलगी खुशीत पुढे गेली. मी मात्र तिथेच खिळले. हा डाग कशाचा?

त्यानंतर मला चैन पडेना. मी हागानेला बघायचं सोडून तपासायला लागले. कोणी पाठीमागून हाक मारली तर तो वळत नाही. सेइरान स्टेजवर विनोद करतो तेव्हा तो इतरांपेक्षा क्षणभर उशिरा हसतो, तेही बासवाल्याच्या तोंडाकडे बघून. शेवटी न राहवून मी एक उपद्व्याप केला. इमाइकेच्या कार्यक्रमात ‘राणीचा हिवाळा’ आला, सेइरानचा खांदा उतरला, सूर संपला, आणि मी मुद्दाम हात वरच ठेवले. एक श्वासभर.

मागच्या सगळ्यांचे हात माझ्यामुळे वर राहिले. ठोका पडलाच नाही. तळघरात अशी शांतता झाली की पेयांच्या काउंटरवर ग्लासात पडलेला बर्फ ऐकू आला. सेइरानने मागे वळून पाहिलं. मी घाबरून बोटं मिटली, आणि ठोका पडला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाहेर आल्यावर रिन्नो-साननी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मुद्दाम केलंस?”

“जरा गंमत म्हणून—”

“गंमत! उद्यापासून मागच्या भिंतीला.”

“अहो, एक श्वासभर तर उशीर झाला! मोबाइल नाही वाजला माझा!”

“भिंतीला म्हटलं ना?”

एवढ्याशा गोष्टीला एवढा राग का, हेही मला कोडंच होतं. पण मोठं कोडं सुटलं होतं. हागाने माझ्याकडे बघत नव्हता. माझे हात वाचत होता. त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू? आणि मग मला त्याची भीती वाटायला लागली, म्हणजे त्याच्यासाठी. ऐकू न येणारा ड्रमवाला कोण ठेवील?

मी भिंतीला आणि माझ्या जागी दुसरीच हातमोजे घालून, असे काही महिने गेले आणि ती बातमी आली. खरा ऑर्केस्ट्रा! नागोयातच, साकाएच्या मोठ्या सभागृहात, रविवारी दुपारी, साठ वादक, कोरस, पांढऱ्या केसांचे कंडक्टर. आम्ही लाँड्रीत, ऑफिसात, स्टेशनवर जिथे होतो तिथे रडलो. खाली सेइरानने एक विनंती लिहिली होती: हे शास्त्रीय संगीताचं घर आहे, तिथला मान राखून वागू या. काळे कपडे. उभं राहायचं नाही. हात मांडीवर. ‘आयुष्यात एकदा मला बर्फासारखी शांतता द्या.’

मी ते दोनदा वाचलं. हात मांडीवर, मग हागाने काय वाचणार? कंडक्टर त्याच्या पाठीमागे असणार. सेइरान त्याच्याकडे पाठ करून उभा. तिकिटांची सोडत निघाली तेव्हा मला तिसरा मजला, तोही बाजूचा, मिळाला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची कोणाला मिळावी? रिन्नो-सानना.

कार्यक्रमाआधी दुकानात शेवटची भेट होती. माझी पाळी आली, हागानेने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “नागी-सान, मास्क खाली घ्या ना.”

मी मास्क खाली केला. ओठ हलवले, पण आवाज अजिबात काढला नाही. ‘केस छान दिसतायत.’

“कालच रंगवले,” तो मोठ्याने म्हणाला.

शेजारी उभा असलेला कंपनीचा माणूस त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. हागानेच्याही लक्षात आलं.

‘कोणाला सांगणार नाही,’ मी पुन्हा नुसते ओठ हलवले. ‘पण त्या दिवशी आमचे हात मांडीवर असतील.’

पावडरीखालून त्याच्या कपाळावर घाम आला.

“तुम्ही कुठे बसणार?” त्याने विचारलं.

‘तिसरा मजला.’

“चला बाई, पुढे चला,” कंपनीचा माणूस म्हणाला आणि त्याने मला खांद्याला धरून बाजूला केलं. मी मागे वळून पाहिलं. पुढची मुलगी बोलत होती आणि हागाने तिच्या ओठांकडे बघायचंही विसरला होता.

दुसऱ्या सकाळी मी रिन्नो-सानना कॉफीच्या दुकानात गाठलं. त्यांच्यापुढे नेहमीचा टोस्ट होता, बाजूला लाल चवळीचा गोड लगदा.

“तुमची खुर्ची मला द्या,” मी म्हटलं.

“वेडबीड लागलंय का तुला? ह्या खुर्चीसाठी मी तारुण्य घालवलं.”

“हागानेला ऐकू येत नाही.”

रिन्नो-सान टोस्टवर लोणी पसरत राहिल्या. “हळू बोल. मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तुला ड्रमसमोर कोणी उभं केलं? तुझ्या रूपावर भाळून केलं असं वाटलं होय तुला? तुझं तोंड चुकतं, डोकं चुकतं, हात चुकत नाहीत. म्हणून उभं केलं. आणि तू काय केलंस? गंमत!”

“आणि हातमोजे?”

“अंधारात काळे कपडे घालून उभ्या राहिलेल्या बायकांचे हात दिसायचे कसे?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी इतकी वर्षं डोळे फाडून हागानेला बघत होते आणि कोडं सोडवणारी बाई माझ्याच शेजारी उभी होती.

“त्याने तुम्हाला सांगितलं?”

“कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. युरोपातून आल्यावर तो तुझ्याआधीच्या मुलीच्या हातांकडे बघायला लागला. मी बघितलं. झालं.”

“मग आता?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “सेइरान-सामांनी आपल्याकडे कधी काही मागितलं? इतक्या वर्षांत एकदा मागितलं. हात मांडीवर ठेवा म्हणाले. त्या ऑर्केस्ट्रावाल्यांपुढे मी त्यांना मान खाली घालायला लावू?”

“आणि हागाने पडला तर?”

“तो मोठा माणूस आहे. त्याने सांगायला हवं होतं.”

“सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसेल. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. “खुर्ची मी देणार नाही. आणि नियम म्हणजे नियम.” अर्धा टोस्ट तसाच राहिला होता. रिन्नो-सान पानात कधी कण टाकत नाहीत.

रविवारी सभागृहात पाऊल टाकलं. पायाखाली जाड गालिचा, खोकायचीसुद्धा चोरी. मी दुर्बीण लावून खाली बघितलं. सगळ्या काळ्या पोशाखात, हात मांडीवर, शहाण्या मुलींसारख्या. मधल्या खुर्चीत रिन्नो-सान. त्यांच्या काळ्या मांडीवर दोन पांढरे हातमोजे होते.

पहिल्या गाण्याला साठ वाद्यांचा सूर एकदम उठला आणि माझ्या अंगावर काटा आला. डब्यातला आवाज आणि हा आवाज! सेइरान गाताना मध्येच हसला, लहान मुलासारखा. तो राजपुत्र वगैरे सगळं विसरला होता. रिन्नो-सान ओक्साबोक्शी रडत होत्या, पण हात जागचे हलले नव्हते. हागाने छान वाजवत होता. ज्या गाण्यात वाद्यं थांबतच नाहीत तिथे त्याला कोणाची गरज नव्हती. थरथर पायातून कळत असणार.

मग ‘राणीचा हिवाळा’ आला. वाद्यं थांबली. सेइरानने सूर धरला. हागानेचे डोळे वर आले, पहिल्या रांगेवर आले, आणि तिथे त्याला काही मिळालं नाही. दुर्बिणीत मला त्याचे डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरताना दिसले. त्याने काठ्या उचलल्या, थांबवल्या. मला राहवेना. मी तिसऱ्या मजल्यावर उभी राहून दोन्ही हात वर केले.

“अहो बाई, खाली बसा!” शेजारचे म्हातारे गृहस्थ कुजबुजले.

मी बसले नाही. पण तिथून मी त्याला कुठली दिसणार? मी पुन्हा दुर्बीण लावली.

आणि खाली, त्या सगळ्या काळ्यात, दोन पांढरे हात वर गेले.

बोटं उघडली. रिन्नो-सान खुर्चीतच बसल्या होत्या, मान ताठ. सेइरान त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता आणि सूर धरून त्यांच्याकडेच बघत होता. त्याच्या कपाळाला आठी पडलेली मला तिसऱ्या मजल्यावरून दिसली. एरवी तो नुसता वळला तरी जीव टाकणाऱ्या रिन्नो-सान त्या वेळी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पार मागे, हागानेवर होती. खांदा उतरला. पांढरी बोटं मिटली. ठोका पडला, आणि त्या ठोक्यावर साठ वाद्यं अशी फुटून आली की मी तशीच उभ्या उभ्या रडायला लागले. म्हातारे गृहस्थही उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेर पायऱ्यांवर बायकांनी रिन्नो-सानना घेरलं.

“रिन्नो-सान, तुम्हीसुद्धा?”

“आम्हाला चार चार वेळा निरोप पाठवलेत आणि स्वतः?”

“खरंय,” रिन्नो-सान म्हणाल्या. “भान राहिलं नाही. चुकलं माझं.” आणि त्या एकेकीपुढे कमरेत वाकल्या.

मी तोंड उघडलं, तशी त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ आठवडाभर राहिला.

त्या रात्री सेइरानने आमच्यासाठी चार ओळी लिहिल्या. ऑर्केस्ट्राचे आभार, आमचे आभार. शेवटी होतं: ‘हातांची एक जोडी सोडली, तर सगळं बर्फासारखं होतं.’ मी रागाने फोन आपटला. संत्रीवाल्याच्या पोराला काय कळणार, असंही म्हटलं. नंतर वाईट वाटलं. रिन्नो-साननी ते नक्की वाचलं असणार. त्या त्याची ओळ न् ओळ वाचतात.

इमाइकेच्या पुढच्या कार्यक्रमाला त्या आल्या आणि सरळ मागच्या भिंतीला, पेयांच्या काउंटरशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“हे काय?” मी विचारलं.

“नियम मोडला. वर्षभर भिंत.”

“निदान सेइरानला तरी सांगू या, का केलंत ते.”

“आणि मग हागाने?” त्यांनी पिशवीतून हातमोजे काढून माझ्या हातात कोंबले. “तुझी भिंत संपली. जा, उभी राहा तुझ्या जागी. आणि गंमत केलीस तर तंगडी मोडीन.”

मी जागेवर गेले. डबा परत आला होता, खरा ऑर्केस्ट्रा एका दुपारपुरताच होता. ‘राणीचा हिवाळा’ला हागानेचे डोळे वर आले आणि माझ्यावर थांबले. त्याला मी दिसत नाही, हात दिसतात, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. तरीही मी लिपस्टिक लावून गेले होते.

कार्यक्रम संपला. बाकीचे आत गेले, पण हागाने ड्रममागून उठून स्टेजच्या कडेला आला. असं तो कधी करत नाही. आमच्या डोक्यांवरून त्याने लांब, पार भिंतीपर्यंत बघितलं, आणि कमरेत इतका वाकला की त्याचे रंगवलेले केस जमिनीला टेकले.

“बघितलंस?” शेजारची माझा हात दाबत म्हणाली. “मला केला नमस्कार!”

पलीकडची म्हणाली, “चल, काहीतरीच. मला केला.”

दोघी शपथेवर सांगायला तयार होत्या. मी मागे वळून पाहिलं. रिन्नो-सान काउंटरकडे तोंड करून, रुमालाने चष्मा पुसत उभ्या होत्या.